पॉवर मेटलचा नवा अल्बम गिटारच्या अंगाने कसा ऐकावा

पॉवर मेटल, म्हणजे हेवी मेटलची वेगवान आणि सुरेल शाखा, पहिल्यांदा ऐकणारे बहुतेकजण तिसऱ्या-चौथ्या गाण्यापाशी हात टेकतात. सगळी गाणी सारखीच वाटतात, गायक सतत वरच्या पट्टीत, ड्रम थांबायचं नाव घेत नाहीत आणि मधेच दीड-दोन मिनिटं गिटारचा भडिमार. तक्रार अगदीच खोटी नाही. पण कान फक्त गायकावर आणि सोलोवर, म्हणजे मधल्या त्या एकट्या वादनावर, लावून बसलं तर याहून वेगळं काही ऐकू येणारही नाही. या संगीताचा कणा आहे रिदम गिटार, म्हणजे गाण्याखाली लय आणि स्वरसंगती धरून ठेवणारी गिटार, आणि नवा बँड किती पाण्यात आहे हे तिथेच कळतं. झपाट्याने सोलो वाजवणारी मुलं आज ढिगाने सापडतात. कडव्याखाली चार मिनिटं घट्ट रिदम धरणारी फार थोडी.

खालच्या पायऱ्या कुठल्याही नव्या बँडला लागू पडतात. तरी हाताशी काही ठोस असावं म्हणून एक पदार्पणाचा अल्बम नमुन्याला घेऊ: लंडनच्या ड्रॅगनफोर्सचा २००३ चा ‘व्हॅली ऑफ द डॅम्ड’. हा बँड आज जगभर माहीत आहे. २००७ च्या ‘गिटार हीरो ३’ या व्हिडिओ गेममुळे त्यांचं एक गाणं मेटलशी काडीचा संबंध नसलेल्या पोरांपर्यंतही पोचलं. पण हा अल्बम केला तेव्हा ते नवखेच होते. १९९९ मध्ये ड्रॅगनहार्ट या नावाने सुरुवात केलेली, पुढे नाव बदलावं लागलेलं आणि इंटरनेटवर फुकट ठेवलेल्या डेमोतून ओळख कमावलेली. गिटारवर हर्मन ली आणि सॅम टॉटमन, गायक झेडपी थार्ट, कीबोर्डवर वादिम प्रुझानोव्ह. नव्या बँडच्या भल्याबुऱ्या बऱ्याच खुणा या एका अल्बममध्ये सापडतात.

आधी फोन सरळ करा

अर्धं काम इथेच होतं आणि नेमकं हेच कुणी करत नाही.

फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. बेस गिटारची सर्वांत खालची तार साधारण ४१ हर्ट्झला आणि गिटारची ८२ हर्ट्झला वाजते. एवढ्या खालचे सूर त्या इवल्या स्पीकरमधून बाहेर पडतच नाहीत, मग उरते ती वरची चरचर. वायरवाले साधे इअरफोन ब्लूटूथच्या स्वस्त इअरबड्सपेक्षा या कामाला बरे. अशा बहुतेक इअरबड्समध्ये बेस मुद्दाम फुगवलेला असतो, आणि त्या फुगवट्याखाली गिटारचा मधला पट्टा दबतो. बड्सच वापरायचे असतील तर त्यांच्या ॲपमधला बेस बूस्ट बंद करा.

फोनमधलं डॉल्बी ॲटमॉस, थ्रीडी किंवा स्पेशियल ऑडिओ असलं जे काही चालू असेल ते बंद करा. मिक्स करणाऱ्याने एक गिटार डावीकडे आणि एक उजवीकडे अशी नेमकी मांडणी केलेली असते. हे इफेक्ट ती विस्कटून टाकतात, आणि पुढच्या निम्म्या पायऱ्या त्या मांडणीवरच उभ्या आहेत. स्ट्रीमिंग ॲपमध्ये शफल बंद हवं आणि क्रॉसफेडही (एक गाणं संपता संपता पुढचं त्यात मिसळणं) बंद हवा. पॉवर मेटलच्या अल्बममध्ये एक-दीड मिनिटाची प्रस्तावना संपते त्याच क्षणी पुढचं गाणं कोसळतं. क्रॉसफेड चालू असेल तर तो सांधाच खाऊन टाकतो.

आवाजाची पातळी सारखी करणारी सेटिंग, म्हणजे नॉर्मलायझेशन, मात्र चालूच ठेवा. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला सगळी गाणी उणे १४ लफ्सच्या आसपास आणून वाजवतं. लफ्स हे कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप. मेटलचे अल्बम बहुधा उणे ९ ते उणे ७ इतके दाबून मोठे केलेले असतात. नॉर्मलायझेशन नसेल तर जो अल्बम जास्त दाबलाय तोच जास्त दमदार वाटतो आणि तुलना फसते.

आणि व्हॉल्यूम. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ऐकणं सुरक्षित, ९० डेसिबलला फक्त ४ तास. वेगवान संगीतात व्हॉल्यूम नकळत वर सरकत जातो. लोकलमध्ये किंवा बसमध्ये तर तो चढवावाच लागतो, कारण गाडीची घरघर नेमकी बेसच्या पट्ट्यात बसते आणि बेस गिटार गिळून टाकते. पहिली ओळख घरातच करून घ्या.

कान बसवायला एक जुना अल्बम

नव्या बँडकडे थेट गेलात तर काय नवं आणि काय ठरलेलं हे कळणार नाही. म्हणून आधी एकदा हॅम्बुर्गच्या हॅलोवीन या बँडचा १९८७ चा ‘कीपर ऑफ द सेव्हन कीज’, पहिला भाग, ऐका. चाळीस मिनिटांच्या आतच संपतो. काय हॅन्सन आणि मायकेल वायकाथ गिटारवर, आणि गायक मायकेल किस्के तेव्हा जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांचा. आज ज्याला पॉवर मेटल म्हणतात त्याचा साचा बऱ्याच अंशी इथे पडला: छोटी प्रस्तावना, लगेच सुसाट गाणं, मधे एक संथ गाणं, शेवटाकडे तेरा मिनिटांचं एक लांबलचक गाणं आणि निरोपाचा छोटा तुकडा.

‘व्हॅली ऑफ द डॅम्ड’चा क्रम याच्याशेजारी ठेवून पाहा. पहिली प्रस्तावना, दुसरं सुसाट शीर्षकगीत, नऊपैकी पाचवं ‘स्टारफायर’ हे संथ गाणं. सोळा वर्षांनीही साचा कायम. त्यामुळे नव्या बँडने हाच क्रम लावला म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. साच्यात राहून आत काय भरलंय ते बघायचं.

गिटारचं वर्चस्व असलेलं पॉवर मेटल आणि वाद्यवृंदी थाटाचं पॉवर मेटल यांतला फरकही आधीच ओळखून घ्यावा. दुसऱ्याचा नमुना म्हणजे इटलीच्या त्रिएस्तेचा ऱ्हॅप्सडी. व्हायोलिनांचे थर, समूहगान, कीबोर्ड पुढे आणि गिटार बऱ्याचदा त्यांच्या मागून. पहिल्याचे नमुने म्हणजे काय हॅन्सनने हॅलोवीन सोडल्यावर काढलेला गॅमा रे किंवा जर्मनीच्याच क्रेफेल्डचा ब्लाइंड गार्डियन. ओळखायची खूण सोपी आहे. गाण्याची पहिली लक्षात राहणारी धून कोण वाजवतं? आणि गायक गात असताना त्याच्या खाली हलतं कोण? दोन्हींचं उत्तर गिटार असेल तर हा लेख त्या अल्बमसाठी आहे.

पहिली बैठक: काहीच शोधू नका

अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा सलग ऐका. साधारण ४५ ते ६० मिनिटं लागतील. मधे थांबायचं नाही आणि एखादं गाणं आवडलं म्हणून मागेही जायचं नाही. शब्द समोर घेऊ नका. ड्रॅगन, तलवारी, अंधारातून उजेडाकडे वगैरे ठरलेला मालमसाला असतो, तो नंतरही मिळेल.

एवढंच करा: संपल्यावर कोणत्या गाण्यांचा कोरस (ध्रुवपद) गुणगुणता येतो ते कागदावर लिहा. गाण्याचं नाव आठवलं नाही तर क्रमांक लिहा. नऊ-दहा गाण्यांत दोन-तीन लिहिता आले तर नव्या बँडसाठी उत्तम. एकही नाही आला तरी कागद फेकू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा लागेल.

चाळिसाव्या मिनिटाला कान थकले तर ते अल्बमचं अपयश मानू नका. सगळीच वाद्यं सतत मोठ्याने वाजत असली की कानाला विसावा मिळत नाही, आणि दाबून मोठ्या केलेल्या मास्टरिंगमध्ये (रेकॉर्डिंगवरून फिरणारा शेवटचा हात) तर मुळीच नाही. शेवटची दोन गाणी नेहमी दुसऱ्या दिवशी ताज्या कानांनी परत ऐका. लांबलचक गाणं बहुधा तिथेच असतं आणि थकव्याचा फटका त्यालाच बसतो.

दुसरी बैठक: फक्त रिदम गिटार

तीन गाणी निवडा: प्रस्तावनेनंतरचं सुसाट गाणं, एक मध्यम लयीचं आणि सर्वांत लांब. संथ गाणं आत्ता नको.

आता फोनच्या ॲक्सेसिबिलिटीत जा. तिथे ऑडिओ बॅलन्सची पट्टी असते. ती पूर्ण डावीकडे सरकवा, पहिलं गाणं दोन मिनिटं ऐका, मग पूर्ण उजवीकडे सरकवून तेच ऐका. मेटलमध्ये रिदम गिटार साधारणपणे किमान दोनदा वाजवून रेकॉर्ड करतात, एक डाव्या टोकाला आणि एक उजव्या. रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा, तोच, पण वादन दोन वेळा केलेलं. त्या दोन वादनांतल्या केसाएवढ्या फरकामुळे आवाज रुंद वाटतो.

ऐकायचं ते असं. रिफमध्ये जिथे क्षणभर शांतता असते तिथे दोन्ही बाजूंच्या गिटार एकदम थांबतात का? एक थांबली आणि दुसरीची शेपटी रेंगाळली तर हात सैल आहे. तारेवर तळहाताची कड टेकवून, म्हणजे पाम म्यूट करून वाजवलेले सूर ‘धुक् धुक्’ असे बंद येतात. ते सगळे सारख्याच घट्टपणे बंद होतायत का? दर चौथ्या-पाचव्या सुराला तार अर्धवट उघडी राहून वेगळाच आवाज येत असेल तर उजवा हात दमलाय. कडवं सुरू होताना असं नसलं तरी कडव्याच्या शेवटी होतं, म्हणून कान शेवटच्या चार मात्रांवर ठेवा.

पॉवर मेटलमधली ठरलेली चाल म्हणजे घोडदौड: एक लांब, दोन आखूड, एक लांब, दोन आखूड. ‘धा-तक, धा-तक’ असं तोंडाने म्हणून पाहा, जमेल. नवे बँड इथेच उघडे पडतात. वेगाच्या भरात दोन आखूड सूर एकमेकांवर चढतात आणि घोडदौडीची नुसती घरघर होते. याउलट, हल्ली रेकॉर्डिंग संगणकावर कापून, प्रत्येक सूर लयीच्या रेघेवर नेऊन बसवतात. मग सगळं अचूक असतं, पण दोन्ही बाजू इतक्या एकजीव होतात की रुंदीच जाते. सैलपणा आणि हा निर्जीव नेमकेपणा यांच्या मधे कुठेतरी चांगलं वादन असतं. काटेकोरपणा हवा, पण हाताचा.

काही बँड पैसे किंवा वेळ वाचवायला रिदम एकदाच वाजवतात आणि त्याचीच प्रत दुसऱ्या बाजूला टाकतात. दोन्ही बाजू हुबेहूब सारख्या असल्या की मेंदू आवाज मध्यभागी ऐकतो. इअरफोनमध्ये गिटार कपाळाच्या मधोमध, गायकाच्या डोक्यावर बसल्यासारखी वाटली तर हा संशय घ्या. पक्कं करायचं असेल तर ॲक्सेसिबिलिटीतच मोनो ऑडिओ (दोन्ही कानांत एकच आवाज) असतो, तो चालू-बंद करून पाहा. खरोखर दोनदा वाजवलेल्या गिटार मोनो केल्यावर आक्रसतात. प्रत असेल तर काही फरकच पडत नाही.

संगणक असेल तर याहून पक्की चाचणी आहे. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर उघडा, गाण्याची फाइल आत घ्या, ट्रॅकच्या मेनूतून स्टीरिओ फोडून दोन मोनो ट्रॅक करा, त्यातल्या एकाच ट्रॅकला इन्व्हर्ट इफेक्ट लावा आणि दोन्ही एकत्र वाजवा. जे मधोमध ठेवलेलं असतं, म्हणजे गायक, बेस, किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) आणि स्नेअर (कडक टणत्कारी छोटा ड्रम), ते एकमेकांना खोडून बरंचसं नाहीसं होतं. टोकांना ठेवलेल्या गिटार उघड्या पडतात. गायकाचा भुतासारखा पोकळ प्रतिध्वनी तेवढा मागे उरतो, कारण रिव्हर्ब, म्हणजे खोलीत घुमल्यासारखा परिणाम, दोन्ही बाजूंना पसरलेला असतो. गिटारही गायब झाल्या तर समजा प्रतच होती. फ्लॅक किंवा वेव्ह या दर्जा न घटवणाऱ्या फाइल वापरा. कमी बिटरेटची एमपी३ अशी उलटवली की बुडबुडे फुटल्यासारखे आवाज येतात आणि नीट काही कळत नाही.

गिटारच्या आवाजाची जात इथेच ऐकून ठेवा. नवे बँड बहुतेक वेळा खऱ्या ॲम्प्लिफायरऐवजी सॉफ्टवेअरमधला ॲम्प वापरतात. त्यात गैर काही नाही. पण वरच्या पट्ट्याला आवर घातला नसेल तर गिटारभोवती माशी भणभणल्यासारखा एक थर येतो. पाम म्यूट चालू असताना तो जास्त ऐकू येतो. इक्वलायझरमध्ये ६ ते ८ किलोहर्ट्झचा खटका तीन डेसिबल खाली घ्या, ऐकणं सुसह्य होईल.

लय मोजा, पण सांभाळून

पंधरा सेकंदांत पायाने किती ठोके पडतात ते मोजा आणि चारने गुणा. सुसाट गाणी १६० ते २०० ठोके मिनिटाला अशी येतात. गफलत अशी होते की स्नेअर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतो आणि नवखा माणूस फक्त स्नेअरच मोजतो. मग १८० चं गाणं ९० चं निघतं. तुमचं उत्तर ८० ते १०० च्या मधे आलं आणि तरी छातीत धडधड होत असेल तर दुप्पट करा.

आकडा हाती आला की वेगाचा अर्थ कळतो. १८० च्या लयीत एका मात्रेत चार सूर म्हणजे सेकंदाला बारा. डबल किक वाजवणाऱ्याचे दोन पाय मिळून सेकंदाला बारा ठोके, एका पायाचे सहा, तेही मिनिटभर न थांबता. २०० ला हाच आकडा तेरावर जातो.

सगळ्या गाण्यांची लय लिहून काढली आणि नऊपैकी सात गाणी एकमेकांच्या दहा ठोक्यांच्या आत असतील तर ‘सगळं सारखंच वाटतं’ ही तक्रार बरोबर आहे आणि दोष बँडचा आहे. चांगला बँड एक-दोन गाणी ११० ते १३० मध्ये ठेवतो, कारण रिफला श्वास घ्यायला जागा तिथेच मिळते.

सोलो तीनदा ऐका

सोलो साधारणपणे गाण्याच्या दुसऱ्या कोरसनंतर येतो. आधी तो कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ती मिनिटं-सेकंद लिहा. मग तेवढाच तुकडा तीनदा ऐका, दर वेळी वेगळ्या गोष्टीसाठी.

पहिल्यांदा सोलो सोडून त्याच्या खालचं ऐका. रिदम गिटार कडव्याचाच रिफ पुढे रेटतेय की नवीन काही करतेय? सोलोखाली स्वरसंगती बदलत असेल तर सोलोला कथा येते. तळाशी एकच सूर घुमत राहिला तर वर कितीही कसरत केली तरी ती कसरतच राहते.

दुसऱ्यांदा वाजवणारे मोजा. दोन गिटारवाले असलेल्या बँडमध्ये बऱ्याचदा आठ-आठ आवर्तनांच्या फेऱ्या असतात, एकाची झाली की दुसऱ्याची. २०० च्या लयीत चार मात्रांची आठ आवर्तनं साधारण साडेनऊ सेकंदांत संपतात, म्हणून बदल चटकन निसटतो. बॅलन्सची पट्टी पुन्हा कामाला येते, कारण काही मिक्समध्ये एक वादक किंचित डावीकडे आणि दुसरा किंचित उजवीकडे ठेवलेला असतो. एखाद्याला सूर ओढायची सवय असते, दुसरा सरळ झपाझप तुटक वाजवतो. दोन-तीन गाण्यांत दोन हात वेगळे ओळखता येतात.

मग येते या संगीतातली सर्वांत गोड जागा: दोघं मिळून एकच धून दोन वेगळ्या सुरांवर वाजवतात, बहुधा तिसऱ्याच्या अंतराने. एकाचा सा असेल तेव्हा दुसऱ्याचा ग. वरची ओळ आपोआप ऐकू येते. खालची मुद्दाम गुणगुणून पाहा. ती गुणगुणता आली की दोन्ही गिटार कायमच्या सुट्या होतात आणि पुन्हा कधी एक वाटत नाहीत. दोघांपैकी एकाची तार किंचित उतरलेली असेल तर नेमकं इथे कंप येतो, आवाज लाटेसारखा हलतो. नव्या बँडमध्ये हे बऱ्याचदा सापडतं.

तिसऱ्यांदा गाणं यूट्यूबवर ०.७५ पटीने चालवा. पट्टी बदलत नाही, फक्त वेग उतरतो. ०.५ वर आवाज फाटल्यासारखा येतो, तेवढं खाली जायची गरज क्वचितच पडते. इथे प्रत्येक सुराला मेजराबीसारखी टोच ऐकू येते की सूर एकमेकांत वितळतात ते बघा. टोच प्रत्येक सुराला असेल तर पिक (तार छेडायची पट्टी) खाली-वर अशी एकाआड एक चालतेय. सूर वितळत असतील तर डाव्या हाताने ठोकून-सोडून काढलेत. आणि सूर पाच-सहा तारांवरून एका झाडणीत वर जाऊन खाली आले तर तो स्वीप. स्वीपमध्ये प्रत्येक सूर सुटल्यावर त्याची तार लगेच बंद करावी लागते. नाही केली तर सगळे सूर एकत्र घुमतात आणि स्वीपचा सरळ कॉर्ड होतो. नवख्या हाताची ही सर्वांत सोपी खूण.

हार्मोनियम शिकलेल्यांना इथे एक फायदा आहे. सोलोत जिथे एकदम जुन्या युरोपीय चर्चचा वास येतो तिथे बहुधा हार्मोनिक मायनर असतं, म्हणजे किरवाणीचे सूर: ग आणि ध कोमल, बाकी शुद्ध. कोमल ध आणि शुद्ध नी यांच्यातली उडी हीच त्याची ओळख. शुद्ध नी सा कडे जोरात ओढतो, म्हणून ओळ संपताना वजन येतं. स्वीडनच्या इंग्वे माल्मस्टीनने १९८४ पासून ही भाषा मेटलमध्ये रूढ केली. नी कोमल केला की आसावरी थाटाचे सूर, आणि बरीचशी कडवी तिथेच असतात. रे, ध, नी कोमल आणि ग शुद्ध असा अरबी वळणाचा तुकडा आला तर ते वसंत मुखारीचे सूर. पेटीवर सा जुळवून घ्या आणि सोलोचा शेवटचा सूर शोधा. बऱ्याच अल्बमचे सगळे सोलो एकाच स्वरमालिकेत अडकलेले असतात, ते पेटीवर पाच मिनिटांत कळतं.

एक घोटाळा फार होतो: गिटार म्हणून ज्याला दाद दिली तो कीबोर्ड निघतो. फिनलंडच्या स्ट्रॅटोव्हेरियसमध्ये टिमो टोल्की आणि जेन्स जोहान्सन गिटार-कीबोर्डची जुगलबंदी करत, ड्रॅगनफोर्समध्येही कीबोर्डचे सोलो आहेत. फरक सुराच्या दोन टोकांना आहे. गिटारचा सूर सुरू होताना पिकचा खरखरीत स्पर्श असतो आणि हात जागा बदलतो तेव्हा तारेवरून ‘चुईं’ असा घासल्याचा आवाज येतो. कीबोर्डचा सूर गुळगुळीत सुरू होतो आणि कापल्यासारखा संपतो. लांब सुरावरचं कंपनही ऐका: बोटाने केलेलं आधी सरळ राहून मग रुंदावतं, कीबोर्डच्या चाकाने केलेलं पहिल्या क्षणापासून एकसारखं.

ड्रम, बेस, आवाज: थोडक्यात

नव्या बँडकडे ड्रमर नसणं किंवा ड्रम संगणकावर लिहिलेले असणं ही सर्रास गोष्ट. स्नेअरवर झपाट्याने आठ-दहा ठोके पडतात तिथे ऐका. प्रत्येक ठोका हुबेहूब सारखा, मशिनगनसारखा असेल तर तो माणूस नाही, किंवा माणसाच्या ठोक्यांवर एकच नमुना चिकटवलाय. क्रॅश नावाची झांजही दर वेळी अगदी त्याच झळाळीने वाजेल. एवढ्यावरून अल्बम बाद करू नका, चांगला ड्रमर आणि मोठी खोली भाड्याने घेणं महाग पडतं.

बेस बऱ्याचदा रिदम गिटारच्या खाली पुरलेला असतो. संथ गाण्यात आणि कोरसच्या आधीच्या तुकड्यात तो सापडेल. गायकाबद्दल इतकंच: वरची पट्टी हा या शैलीचा दागिना, तो अंगवळणी पडायला दोन-तीन अल्बम जातात. शेवटचा कोरस एक किंवा दोन सूर वर चढवायची रीत आहे. एकाच अल्बममध्ये चार गाण्यांनी ती वापरली तर मात्र लिहिणाऱ्याकडचं सामान संपलंय.

दुसऱ्या दिवशीचा कागद

रात्र गेल्यावर, काही न ऐकता, पहिल्या दिवशीचा कागद काढा आणि आज कोणते कोरस आठवतात ते शेजारी लिहा. दोन्ही रकान्यांत असलेली गाणी हा त्या बँडचा खरा साठा. मग रिदमची तीन गाणी तपासताना काय सापडलं ते बघा. आमच्या मते नव्या बँडला माफ करायच्या गोष्टी: ड्रमचा नकली आवाज, कीबोर्डचे स्वस्त व्हायोलिन, शब्दांतला भाबडेपणा, मिक्समध्ये गायक थोडा जास्तच पुढे. माफ न करायच्या: सैल रिदम, एकाच लयीत ओढलेला सगळा अल्बम आणि गाण्याशी ओळख नसलेला सोलो. पहिल्या यादीतलं सगळं पुढच्या अल्बमला पैसे आले की सुधारतं. दुसऱ्या यादीतलं पैशाने सुधारत नाही.

पैशाने काय बदलतं हे प्रत्यक्ष ऐकायचं असेल तर ‘व्हॅली ऑफ द डॅम्ड’ २०१० मध्ये नव्याने मिक्स आणि मास्टर होऊन निघाला. मूळ आणि नवी अशा दोन्ही आवृत्त्या मिळवा, शीर्षकगीताची पहिली दोन मिनिटं पाठोपाठ ऐका. वादन तेच, मांडणी वेगळी. स्ट्रीमिंगवर तुम्हाला कोणती आवृत्ती मिळतेय ते अल्बमखालच्या वर्षावरून आणि तपशिलावरून आधी बघून घ्या, नाहीतर एकच आवृत्ती दोनदा ऐकाल.

वादनाचे व्हिडिओ बघून हाताची खात्री करायची असेल तर जरा जपून. गिटार प्लेथ्रू म्हणून येणाऱ्या बऱ्याच व्हिडिओंत आवाज अल्बमचाच असतो आणि वादक त्यावर नुसती बोटं फिरवतो. छोट्या जागेतल्या मैफलीचं, प्रेक्षकातून कुणी फोनवर धरलेलं चित्रण दिसायला वाईट असलं तरी जास्त खरं. त्यात सोलो चुकला तर चालेल. गायक गात असताना रिदम टिकतो का ते बघा.

आवडला तर विकत घ्या

नव्या बँडचा अल्बम बँडकॅम्पवर (बँडकडून थेट संगीत विकत घ्यायची वेबसाइट) असेल तर तिथून घ्यावा. डिजिटल विक्रीतले साधारण १५ टक्के बँडकॅम्प ठेवतं, पैसे पाठवण्याचं शुल्क वेगळं, बाकी रक्कम बँडकडे किंवा त्यांच्या लेबलकडे जाते. मार्च २०२० पासून ठरावीक शुक्रवारी बँडकॅम्प आपला वाटा सोडून देतं, खरेदी त्या दिवसापर्यंत थांबवता आली तर बरं. भारतातून पैसे भरताना व्यवहार अडकला तर बहुतेकदा कार्डवरचे आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार बंद असतात. बँकेच्या ॲपमध्ये ते चालू करा, मर्यादा छोटी ठेवा आणि खरेदी झाली की परत बंद करा.

डाउनलोड करताना फ्लॅक निवडा, ऑडॅसिटीची चाचणी त्यावरच नीट होते. अल्बमच्या पानावरची श्रेयनामावलीही वाचा. कोणता सोलो कुणी वाजवला, ड्रमवर कोण, मिक्स कुणी केलं हे बऱ्याचदा तिथे लिहिलेलं असतं. सोलोंची नावं दिली असतील तर तुम्ही कानाने ओळखलेले दोन हात त्यांच्याशी जुळतात का ते ताडून पाहा.